अक्षरांमागचा अबोल माणूस : योहान गुटेनबर्ग

आपल्या घरी जुन्या कागदपत्रांची एखादी पेटी असेल, तर ती एकदा उघडून पाहा. आजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला, आईवडिलांच्या विवाहाचे प्रमाणपत्र, इंग्रजी पवित्र शास्त्राचे सुटलेले मुखपृष्ठ, नाताळचे जपून ठेवलेले एखादे शुभेच्छापत्र. यांपैकी कशावर तरी जाड, काळीभोर, टोकदार आणि अंगाला अंग लावून उभी असलेली अक्षरे आपल्याला आढळतील. इंग्रजीत त्यांना ब्लॅकलेटर म्हणतात; कोणी गॉथिक, तर कोणी ओल्ड इंग्लिश म्हणतात. न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राचे नाव आजही त्याच वळणाच्या अक्षरांत छापले जाते. ही अक्षरे दिसली की जुने दगडी चर्च, रंगीत काचांच्या खिडक्या आणि मेणबत्त्यांचा उजेड आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो.

माझ्या ईश्वरविज्ञानाच्या पदवीचे प्रमाणपत्र अशाच अक्षरांत छापलेले आहे. शेजारचा एक शाळकरी मुलगा एकदा भिंतीवरचे ते प्रमाणपत्र वाचू लागला. पहिल्याच मोठ्या अक्षराशी तो अडखळला, दुसऱ्याला त्याने भलतेच अक्षर समजून वाचले आणि शेवटी, हे देवाचे काहीतरी आहे, एवढे ठरवून तो निघून गेला. मला हसू आले. पण नंतर मन अस्वस्थ झाले. पवित्र शास्त्राच्या भाषांतरात आयुष्याची अनेक वर्षे घालविलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट साधी वाटेना. जे वाचता येत नाही, ते आपल्याला पवित्र वाटते का? आणि ज्या माणसाने ही अक्षरे प्रथम धातूत ओतली, त्याला तसेच अभिप्रेत होते का? त्या माणसाचे चरित्र आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

माइंत्सचा मुलगा

जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी माइंत्स नावाचे शहर आहे. मध्ययुगात ते एका आर्चबिशपचे मोठे पीठ होते. या शहरात इ. स. १४०० च्या सुमारास योहान गुटेनबर्गचा जन्म झाला. त्याचे वडील फ्रीले गेन्सफ्लाइश हे शहरातील प्रतिष्ठित घराण्यातले, तर आई एल्से ही एका दुकानदाराची मुलगी होती. कुटुंब ज्या वाड्यात राही, त्या वाड्याचे नाव गुटेनबर्ग. तेच पुढे मुलाचे आडनाव झाले आणि जगभर पसरले.

वडिलांच्या घराण्याचा संबंध आर्चबिशपच्या टांकसाळीशी असलेल्या मंडळींशी होता. नाणे पाडण्यासाठी पोलादावर उलटी आकृती कोरावी लागते आणि तो ठसा मऊ धातूवर घाव घालून उमटवावा लागतो. गुटेनबर्गच्या बालपणाची नोंद कोणी ठेवलेली नाही. परंतु ज्या कौशल्यावर त्याची पुढची सारी कामगिरी उभी राहिली, ते त्याच्या जन्मगावी पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

माइंत्स हे तेव्हा शांत शहर नव्हते. जुनी धनिक घराणी आणि कारागिरांचे संघ यांच्यात करांवरून आणि सत्तेवरून सतत झगडे होत. त्यांत गेन्सफ्लाइश कुटुंबाला शहर सोडावे लागे आणि वातावरण निवळले की परतावे लागे. १४१९ मध्ये वडील वारले. आई दुकानदाराची मुलगी असल्यामुळे वडिलांच्या वर्तुळातील सर्व मान मुलाला मिळणे कठीणच होते. उच्चकुलीनांत तो पुरता सामावला नाही आणि कारागीर म्हणून वाढला नाही. अशा मधल्या जागी उभ्या असलेल्या माणसाला आपली वाट स्वतःच काढावी लागते.

स्ट्रासबुर्गमधील गुप्त उद्योग

१४३४ मध्ये तो आपल्याला स्ट्रासबुर्ग शहरात भेटतो. तिथली पहिलीच नोंद त्याच्या स्वभावाची चुणूक दाखविते. माइंत्स शहराने त्याचे वर्षासन थकविले होते. त्या शहराचा लेखनिक स्ट्रासबुर्गला आला असता गुटेनबर्गने त्याला सरळ अटकेत टाकविले आणि नंतर स्ट्रासबुर्गच्या अधिकाऱ्यांच्या विनंतीवरून सोडून दिले. माणूस हट्टी होता, व्यवहारात कठोर होता. पण सूडाला पेटलेला नव्हता. पुढे विवाहाचे वचन मोडल्यावरून एका तरुणीने त्याच्यावर फिर्याद केल्याचीही नोंद आहे. वाचकहो, आपण संताचे चरित्र वाचत नाही आहोत, हे येथेच स्पष्ट केलेले बरे.

स्ट्रासबुर्गमध्ये त्याने काही भागीदार जमविले. आखेन या शहरी दर सात वर्षांनी मोठी यात्रा भरे. तेथे पवित्र अवशेषांचे दर्शन होई आणि गर्दीमुळे दूर राहिलेले यात्रेकरू लहान धातूचे आरसे उंच धरून त्या दर्शनाचे तेज आरशात पकडीत, अशी तेव्हाची श्रद्धा होती. असे आरसे मोठ्या संख्येने तयार करून विकण्याचा गुटेनबर्गचा बेत होता. परंतु १४३९ ची यात्रा साथीच्या रोगामुळे एक वर्ष पुढे गेली आणि भांडवल अडकून पडले.

तेव्हा भागीदारांनी त्याच्याकडे त्याची आणखी एक गुप्त कला शिकविण्याचा आग्रह धरला. १४३८ च्या नाताळात त्यांच्यापैकी आन्द्रेआस ड्रिट्सेन मरण पावला आणि त्याच्या भावांनी फिर्याद केली. त्या खटल्यातील साक्षींमुळे आपल्याला त्या बंद खोलीत थोडेसे डोकावता येते. तेथे एका सुताराने केलेले दाबयंत्र होते. त्यात अशी एक वस्तू होती की दोन मळसूत्रे सैल केली की तिचे तुकडे सुटे होत आणि ती कशासाठी आहे हे कोणाला उमगत नसे. ड्रिट्सेन मरताच गुटेनबर्गने नोकर धाडून ती वस्तू सुटी करावयास सांगितली. एका सोनाराने तर छपाईशी संबंधित कामाबद्दल आपल्याला सुमारे १०० गुल्डन मिळाल्याचे सांगितले. खटल्याचा निकाल गुटेनबर्गच्या बाजूने लागला आणि त्याचे गुपित राहिले.

१४४८ मध्ये तो माइंत्सला परतला आणि आल्याबरोबर त्याने एका आप्ताच्या मध्यस्थीने १५० गुल्डनचे कर्ज उभे केले. वय पन्नाशीच्या घरात, हाती पैसा नाही, आणि डोक्यात एकच ध्यास.

लेखणीचे अक्षर धातूत

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सुट्या खिळ्यांनी छपाई करणारा गुटेनबर्ग हा जगातील पहिला माणूस नव्हे. चीनमध्ये अकराव्या शतकात बी शेंग याने भाजलेल्या मातीचे खिळे केले होते, आणि कोरियात १३७७ मध्ये धातूच्या खिळ्यांनी छापलेला एक बौद्ध ग्रंथ आजही उपलब्ध आहे. गुटेनबर्गला यांची माहिती होती, असा कोणताही पुरावा नाही. त्याने युरोपात जे उभे केले, ती एक संपूर्ण व्यवस्था होती : खिळा, शाई, कागद आणि दाबयंत्र यांचा एकमेकांशी जमलेला मेळ.

पाण्यात कालविलेली लेखनिकांची शाई धातूवर टिकत नाही. म्हणून त्याने तेलात खललेली, चकचकीत काळी शाई वापरली. खिळ्यासाठी शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा मिश्रधातू वापरण्याची पद्धत रूढ झाली. तो लवकर वितळतो आणि थंड होताच टणक होतो. पोलादावर उलटे अक्षर कोरावे, त्याचा ठसा तांब्यात मारावा, त्या साच्यात धातू ओतावा आणि एकासारखा एक खिळा काढावा, ही पद्धत पुढे साडेचारशे वर्षांहून अधिक काळ टिकली. त्याचा स्वतःचा साचा नेमका याच प्रकारचा होता काय, यावर २००१ पासून अभ्यासकांत वाद आहे. कारण संगणकाच्या साह्याने तपासता त्याचे एकच अक्षर जागोजागी किंचित निराळे दिसते.

पण वाचकहो, या यंत्रापेक्षाही महत्त्वाचा एक प्रश्न त्याच्यापुढे होता. अक्षर कोणत्या वळणाचे घ्यावे?

त्या काळी चर्चमधील मोठ्या ग्रंथांसाठी, विशेषतः मिस्सेच्या पुस्तकांसाठी, उत्तर युरोपातील लेखनिक ज्या वळणाने लिहीत, त्याला टेक्स्टुरा म्हणत. या लॅटिन शब्दाचे नाते विणण्याशी आहे. रुंद टोकाच्या पिसाच्या लेखणीने उभे जाड फटकारे मारावेत, त्यांच्या माथ्याशी व पायथ्याशी शंकरपाळ्यासारखी टोके द्यावीत, गोलाई जवळजवळ टाळावी आणि अक्षरे इतकी दाट बसवावीत की सारे पान विणलेल्या वस्त्रासारखे दिसावे. अक्षरातील काळी रेघ आणि दोन रेघांमधील पांढरी जागा यांची रुंदी जवळपास सारखीच. आपल्या विवाहपत्रिकेवरची काळी अक्षरे याच घराण्यातली.

गुटेनबर्गने टेक्स्टुराच निवडली, आणि ती लेखनिकाच्या हातून उतरते तशीच्या तशी धातूत उतरविण्याचा चंग बांधला. लॅटिनच्या छोट्याशा वर्णमालेसाठी त्याने सुमारे २९० निरनिराळे खिळे तयार केले. एवढे कशाला? लेखनिक ओळीची उजवी कड सरळ ठेवण्यासाठी अक्षर कधी अरुंद तर कधी रुंद लिहितो, दोन अक्षरे एकमेकांत जोडतो, शब्द आखडून वर आडवी रेघ देतो. प्रभू आणि देव यांसाठीचे लॅटिन शब्द तर आदराने दोन-तीन अक्षरांतच लिहिण्याची जुनी प्रथा होती. यांतील प्रत्येक प्रकारासाठी त्याने स्वतंत्र खिळा कोरला. काही अक्षरांना दोन रूपे दिली : एक नेहमीचे, आणि दुसरे डाव्या बाजूची टोके काढून टाकलेले, म्हणजे आधीच्या अक्षराला ते नीट चिकटावे. ओळीच्या शेवटी येणारी शब्द तोडल्याची खूण त्याने स्तंभाच्या कडेबाहेर टांगली, म्हणजे अक्षरांची कड मोडू नये.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्या देवनागरीतील जोडाक्षरे, काने, मात्रा, रफार यांसाठी खिळे जुळविणाऱ्या जुळाऱ्यापुढे शेकडो खणांची पेटी असे, हे ज्यांनी जुना छापखाना पाहिला आहे त्यांना आठवत असेल. अक्षर अक्षराशी कसे मिळते, यातच लिपीचा जीव असतो. गुटेनबर्गला ते कळले होते.

बेचाळीस ओळींचे पवित्र शास्त्र

१४५० मध्ये योहान फुस्ट या माइंत्सच्या धनिकाने त्याला ८०० गुल्डन सहा टक्के व्याजाने दिले. साधने हीच त्याची तारण होती. १४५२ च्या सुमारास फुस्टने आणखी ८०० गुल्डन घातले आणि ग्रंथांच्या कामात तो भागीदार झाला. लॅटिन व्याकरणाची शालेय पुस्तके, एक दिनदर्शिका अशी लहानसहान छपाई चालू होतीच. मोठा संकल्प मात्र एकच होता : संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतराचे, म्हणजे वल्गेटचे, संपूर्ण पवित्र शास्त्र.

काम किती प्रचंड होते पाहा. सुमारे १२८० पृष्ठे, प्रत्येक पृष्ठावर दोन स्तंभ, आणि एका पृष्ठासाठी सुमारे अडीच हजार खिळे हातांनी वेचून जुळवावयाचे. आरंभीच्या पृष्ठांवर ४० ओळी आहेत, दहाव्यावर ४१ आणि मग ४२. कागद वाचविण्यासाठी ओळी जवळ आणल्या, हे उघड आहे. सुरुवातीला मथळे लाल शाईत छापून पाहिले. ते फार वेळखाऊ ठरले, तेव्हा ती जागा कोरी सोडून ते काम हाताने लिहिणाऱ्यांवर सोपविले. मध्येच प्रतींची संख्या वाढविण्याचे ठरले आणि आधीची पाने पुन्हा जुळवावी लागली. एकूण सुमारे १८० प्रती निघाल्या. बहुतेक कागदावर, काही वासराच्या कातड्याच्या चर्मपत्रावर. चर्मपत्राच्या एका प्रतीला सुमारे १७० कातडी लागत.

१४५४ च्या शरद ऋतूत इटलीतील एक विद्वान धर्माधिकारी एनेआ सिल्व्हिओ पिक्कोलोमिनी फ्रांकफुर्टला आले होते. हेच पुढे पायस दुसरे या नावाने पोप झाले. तेथे त्यांनी या ग्रंथाचे काही सुटे भाग पाहिले आणि १४५५ च्या मार्चमध्ये एका कार्डिनलला पत्राने ती वार्ता कळविली. त्या अक्षरांचे जे वैशिष्ट्य त्यांनी नोंदविले, ते आपण नीट ध्यानात घेऊ या. ती जुनी आहेत, गूढ आहेत असे काही त्यांनी लिहिले नाही. अक्षरे इतकी स्वच्छ व बिनचूक आहेत की ती वाचायला चष्म्याची गरज पडणार नाही, असे त्यांनी कळविले. ग्रंथ पुरा होण्याआधीच सर्व प्रतींना गिऱ्हाईक मिळाल्याचेही त्यांनी ऐकले होते.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला या पत्रात सापडले. आज जी अक्षरे आपल्याला वाचवत नाहीत, ती गुटेनबर्गने निवडली, कारण त्याच्या काळच्या वाचकाला तीच सर्वांत सहज वाचता येत होती. वेदीपाशी, अंधुक उजेडात, हातभर अंतरावरून वाचणाऱ्या धर्मगुरूचा डोळा त्याच वळणाला सरावलेला होता. यंत्र नवे होते, पण वाचकाला अनोळखी वाटेल असे काही त्याने पानावर ठेवले नाही.

याच अक्षरांची दुसरी बाजूही लपवू नये. १४५४ आणि १४५५ मध्ये माइंत्समध्ये पापदंडमाफीची पत्रे छापली गेली. सायप्रसच्या तुर्कांविरुद्धच्या संरक्षणासाठी पैसा उभारणे हा त्यांचा हेतू होता. नाव आणि तारीख यांसाठी जागा कोरी, बाकी मजकूर तयार. त्यांतील मुख्य मजकूर बारीक, सुटसुटीत अक्षरांत आहे. मथळ्याचे शब्द मात्र टेक्स्टुराच्या मोठ्या खिळ्यांत, आणि एका पत्रावर तर त्याच पवित्र शास्त्राच्या खिळ्यांत. काळे अक्षर भारदस्त मथळ्यासाठी वापरण्याची रीत अशी अगदी आरंभापासूनच आहे. जे अक्षर देवाचे वचन स्पष्ट करण्यासाठी घडले, तेच एका कागदाला वजन आणण्यासाठीही उपयोगी पडले. पुढे १५१७ मध्ये अशाच पत्रांच्या विक्रीवरून मार्टिन ल्यूथरने वाद उभा केला, हे आपण जाणतोच.

हातून गेलेला छापखाना

ग्रंथ पुरा होत आला, आणि फुस्टने न्यायालयात धाव घेतली. व्याजासह २०२६ गुल्डनची त्याची मागणी होती. ६ नोव्हेंबर १४५५ रोजी माइंत्समधील फ्रान्सिस्कन मठाच्या भोजनगृहात फुस्टने शपथ घेतली आणि तिची नोंद झाली. गुटेनबर्ग स्वतः आला नाही. त्याने आपली माणसे पाठविली. दुसरी रक्कम ही कर्ज नसून समाईक कामाचे भांडवल होते, असे त्याचे म्हणणे होते. ज्या पैशाचा हिशेब समाईक कामात दाखविता येणार नाही, तो परत करावा, असा निवाडा झाला. त्या दिवशी फुस्टच्या बाजूने साक्षीला उभा होता पेटर शॉफर, पॅरिसमध्ये लेखनिकाचे काम केलेला तरुण. पुढे तो फुस्टचा जावई झाला.

दोन वर्षांनी, १४ ऑगस्ट १४५७ रोजी, फुस्ट आणि शॉफर यांनी माइंत्सचे स्तोत्रसंहितेचे पुस्तक प्रसिद्ध केले. भव्य टेक्स्टुरा, दोन रंगांत छापलेली आद्याक्षरे, आणि शेवटी मुद्रकांची नावे व तारीख. छापील पुस्तकात मुद्रकाचे नाव येण्याची ही पहिलीच वेळ. ज्याच्या हाताखाली ही कला जन्मली, त्याचे नाव त्यात नव्हते.

वाचकहो, गुटेनबर्गचे नाव असलेले एकही छापील पुस्तक आज उपलब्ध नाही. त्याने स्वतः नाव घातले नाही की घालण्याची संधी त्याला मिळाली नाही, ते आता ठरविता येणार नाही. १४६० मध्ये माइंत्सला कॅथॉलिकॉन नावाचा मोठा लॅटिन कोश छापला गेला. बोरू किंवा लेखणी यांच्याविना, ईश्वराच्या कृपेने हे पुस्तक सिद्ध झाले, अशा आशयाचे त्याचे समाप्तिलेखन आहे. अनेक अभ्यासक ते काम गुटेनबर्गचे मानतात, काही मानत नाहीत. तेथेही मुद्रकाचे नाव नाही. गौरव आहे तो देवाचा आणि माइंत्स शहराचा.

शेवटची वर्षे

१४५८ पासून त्याला स्ट्रासबुर्गच्या एका जुन्या कर्जाचे व्याजही देता आले नाही. २८ ऑक्टोबर १४६२ च्या रात्री आर्चबिशपपदाच्या भांडणातून माइंत्सवर हल्ला झाला. शहर लुटले गेले, शेकडो नागरिकांना हद्दपार करण्यात आले; त्यांत वृद्ध गुटेनबर्गही होता. छापखान्यांतील कारागीर विखुरले आणि जेथे गेले तेथे ही कला घेऊन गेले. माइंत्सचा विध्वंस युरोपभर छपाई पसरण्यास कारण झाला. प्रेषितांच्या कृत्यांत छळामुळे पांगलेली मंडळी सुवार्ता घेऊन गावोगाव गेली, त्याची येथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

ज्याच्या सैन्याने शहर लुटले, त्याच आर्चबिशप अडोल्फने १७ जानेवारी १४६५ रोजी गुटेनबर्गला आपल्या दरबारी मंडळींत मानाचे स्थान दिले. दरवर्षी एक पोशाख, घरखर्चापुरते धान्य आणि द्राक्षारस, तोही करमुक्त. पोटाची चिंता मिटली. ३ फेब्रुवारी १४६८ रोजी त्याचा मृत्यू झाला. त्याच महिन्यात कोनराड हुमेरी नावाच्या गृहस्थाने गुटेनबर्गकडील छपाईची साधने आपल्या मालकीची म्हणून ताब्यात घेतली, म्हणजे अखेरच्या काळातील खिळेही त्याचे स्वतःचे नव्हते. माइंत्सच्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये त्याला पुरले. ते चर्च पुढे पाडण्यात आले आणि कबरही नाहीशी झाली. त्याचे जे दाढीवाले चित्र पुस्तकांत दिसते, ते त्याच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी कोणीतरी कल्पनेने काढलेले आहे.

त्याचे श्रेय मात्र अगदीच बुडाले नाही. मृत्यूनंतर तीन वर्षांच्या आतच पॅरिसमधील एका प्राध्यापकाने आपल्या पत्रात या कलेचा जनक म्हणून त्याचे नाव घेतले.

अक्षरांचा पुढील प्रवास

इटलीतील विद्वानांना मात्र ही टोकदार अक्षरे रानटी वाटत; गॉथ लोकांवरून पडलेले गॉथिक हे नाव त्याच तुच्छतेतून आले. ते गोल, मोकळ्या रोमन अक्षरांकडे वळले. जर्मनीत काळ्या अक्षरांची आणखी रूपे निघाली : श्वाबाखर, आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी फ्राक्टुर. १५२२ मध्ये ल्यूथरचा जर्मन नवा करार श्वाबाखर अक्षरांत निघाला. सामान्य जर्मन वाचकाला तेच वळण परिचयाचे होते. इंग्रजीतील १५६० चे जिनिव्हा बायबल घरी वाचण्यासाठी रोमन अक्षरांत छापले होते, तर १६११ चे किंग जेम्स बायबल व्यासपीठावर शोभेल अशा काळ्या अक्षरांत. त्यात भाषांतरकारांनी अर्थपूर्तीसाठी पदरचे घातलेले शब्द मात्र लहान रोमन अक्षरांत ठेवले. मूळ शब्द कोणता आणि आमचा कोणता, हे वाचकाला डोळ्यांनी दिसावे, म्हणून. भाषांतरकार या नात्याने त्या प्रामाणिकपणापुढे मी नेहमी नतमस्तक होतो.

या अक्षरांना कलंकही लागला. नाझी राजवटीने आधी त्यांचा जर्मन अस्मितेचे चिन्ह म्हणून उदोउदो केला आणि जानेवारी १९४१ मध्ये अचानक, ती यहुदी अक्षरे आहेत असा धादांत खोटा आरोप करून, त्यांचा वापर थांबविला. तेव्हापासून ती पुस्तकाच्या पानावरून उतरली आणि मथळ्यांत, प्रमाणपत्रांत, पाट्यांवर उरली. वाचण्याचे अक्षर पाहण्याचे अक्षर झाले.

आपल्या भाषेलाही या प्रश्नातून जावे लागले. गोव्यात १५५६ मध्ये छापखाना आला; परंतु फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले ते रोमन लिपीत, कारण नागरी खिळे हाती नव्हते. भाषा मराठी, लिपी परकी. श्रीरामपूरला पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांनी भारतीय लिप्यांचे खिळे घडविले, आणि १८०५ मध्ये विल्यम केरी यांच्या मराठी व्याकरणात देवनागरी अक्षरे छापून आली. पुढे पंडिता रमाबाईंनी साध्या बायामाणसांना समजावे म्हणून सोप्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या निवर्तल्या, आणि १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते पूर्ण छापून निघाले. त्याचे खिळे तेथील स्त्रियांनी जुळविले होते. माइंत्सच्या त्या कारागिराला हे दृश्य पाहून धन्यता वाटली असती, असे मला वाटते.

वाचकहो, भाषांतराच्या बैठकीत हा वाद आमच्यापुढे वारंवार येतो. एखादा जुना शब्द आज कोणाला कळत नाही, पण त्याला पावित्र्याचा सुगंध आहे. तो ठेवावा की बदलावा? जुन्या शब्दावर माझेही प्रेम आहे, आणि तो सोडताना मन दुखते. अशा वेळी मला गुटेनबर्ग आठवतो. त्याने जुने वळण राखले ते वाचकासाठी. तोच वाचक ज्या दिवशी त्या वळणाशी अडखळू लागला, त्या दिवशी ते राखण्याचे कारण संपले. भिंतीवरच्या प्रमाणपत्रात ती काळी अक्षरे खुशाल शोभू देत. आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेची ती खूण आहे. मात्र पवित्र शास्त्राचे पान त्या शाळकरी मुलाला न अडखळता वाचता आले पाहिजे.

गुटेनबर्गच्या पवित्र शास्त्राच्या ४९ प्रती, काही पूर्ण तर काही अपूर्ण, आज जगात जपून ठेवलेल्या आहेत. त्यांतील एक प्रत माइंत्सच्याच एका धर्मसेवकाने, हाइनरिख क्रेमरने, १४५६ च्या ऑगस्टमध्ये रंगवून आणि बांधून पुरी केली आणि शेवटी आपले नाव व तारीख लिहून ठेवली. बांधणाऱ्याचे नाव आपल्याला त्या ग्रंथात सापडते, छापणाऱ्याचे सापडत नाही. त्याची कबर नाही, चेहरा नाही, सहीदेखील नाही. आहेत ती फक्त अक्षरे, पाचशेहून अधिक वर्षांनंतरही तितकीच काळीभोर, आणि त्यांतून बोलणारे वचन. आज रात्री आपण आपले पवित्र शास्त्र उघडाल, तेव्हा वाचण्यापूर्वी क्षणभर त्या अक्षरांकडेच पाहा, आणि ती आपल्यापर्यंत पोहोचविणाऱ्या त्या अनाम हातांबद्दल प्रभूचे आभार माना.